सावकाराची गोष्ट पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर

मैत्रिणींनो, आमच्या अंतरवाली सराटीत महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बचत गटाची बैठक असते. कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकायची, वही काढायची, पैसे मोजायचे आणि मग थोडा वेळ गप्पा मारायच्या, असा आमचा शिरस्ता. मागच्या एका बैठकीत एक बाई गळ्यात नुसता काळा दोरा घालून आल्या. पोत कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कापसाच्या बियाण्याला आणि खताला पैसे कमी पडले की आमच्याकडं सगळ्यात आधी बाईचा गळा मोकळा होतो. नंतर कळलं, शेकडा पाच रुपये महिन्यानं वीस हजार घेतले होते. म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. वर्षाला बारा हजार. मुद्दल जागच्या जागी!

त्या रात्री मला झोप लागेना. कॉलेजात असताना मराठी सिनेमाच्या इतिहासावर वाचलेलं एक पान सारखं आठवत राहिलं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन घालवून बसलेला शेतकरी आणि त्याच्या मागं उरलेली झोपडी. ही गोष्ट पडद्यावर पहिल्यांदा आली ती १९२५ साली. तिला शंभर वर्षं होऊन गेली. ती आणणारा माणूस फारसा शाळा शिकलेला नव्हता, परदेशी गेलेला नव्हता, श्रीमंत तर नव्हताच. कोल्हापूरचा एक मेस्त्री होता. त्यांचं नाव बाबूराव पेंटर. आज त्यांच्याविषयीच सांगायचं आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पूर्ण नाव बाबूराव कृष्णाजी मेस्त्री. घराणं कारागिरांचं. वडिलांच्या हातात कला होती. लाकूड, रंग, मूर्ती, सगळ्यात त्यांचा हात चालायचा. पोरगं शाळेत कमी आणि वडिलांच्या कामाजवळ जास्त बसायचं. सुताराच्या घरातलं मूल रंधा कसा धरायचा हे शिकतं, तसे बाबूराव कुंचला धरायला शिकले. कलाशाळेची पदवी नाही, मोठा गुरू नाही. बघायचं आणि करून पाहायचं, हीच त्यांची शाळा.

त्यांच्या जोडीला होते नात्यातले भाऊ आनंदराव मेस्त्री. दोघांचं गूळपीठ असं की एकाचं नाव काढलं की दुसऱ्याचं यायचंच. तो काळ संगीत नाटकांचा. नाटकात मागं मोठमोठे पडदे लागायचे. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता असं सगळं कापडावर रंगवलेलं. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळींसाठी या दोघा भावांनी पडदे रंगवले. १९१० नंतरच्या चार-सहा वर्षांत त्यांच्या पडद्यांचं नाव दूरवर झालं. लोक म्हणे नाटकाइतकेच पडदे बघायला यायचे. ‘पेंटर’ हेच मग त्यांचं आडनाव झालं आणि मेस्त्री मागं पडलं.

इकडं १९१३ साली मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं रात्री जागून केली. त्या सिनेमात तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाला लुगडं नेसवून उभं केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोल्हापूरच्या दोघा भावांनी हा सिनेमा पाहिला आणि त्यांना वेड लागलं. आपण रंगवलेला पडदा हलत नाही आणि हा पडदा हलतो! आपणही हलणारी चित्रं करायची, असं त्यांनी मनाशी घेतलं. पण कॅमेरा कुठून आणायचा? तो परदेशातून यायचा, किंमत ऐकूनच घाम फुटायचा. त्यातच पहिलं महायुद्ध सुरू झालेलं, बाहेरून माल येणं कठीण. तेव्हा दोघांनी ठरवलं, कॅमेरा आपणच करायचा.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा म्हणजे काय पाटा-वरवंटा आहे का, घरी घडवायला? पण थांबा. आपल्या शिलाई मशीनकडं बघा. चाक फिरतं तेव्हा कापड सलग सरकत नाही. सुई वर गेली की खालचे दाते कापडाला थोडं पुढं ओढतात, सुई खाली आली की कापड थांबतं, टाका पडतो, मग पुन्हा पुढं. सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम अगदी असंच. हॅंडल फिरवलं की फिल्मची पट्टी जराशी पुढं येते, क्षणभर थांबते, झडप उघडते, चित्र उमटतं, झडप मिटते, पट्टी पुढं जाते. एका सेकंदात असं साधारण सोळा वेळा. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनाही ही युक्ती शिलाई मशीनवरूनच सुचली, असं सांगतात. कोल्हापूरच्या मेस्त्र्यांनी सिनेमा दाखवायचं यंत्र विकत आणलं, त्याच्या आतली चाकं-दाते नीट बघितले आणि लेथवर एकेक भाग कातायला घेतला.

काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. तरुण वयात. बाबूरावांचा उजवा हातच गेला. आपल्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करण्यात एक वेगळंच समाधान असतं. त्याच्या नावानं दिवा लावल्यासारखं. बाबूरावांनी तेच केलं. विष्णुपंत दामले नावाचा एक हरहुन्नरी तरुण त्यांच्याकडं होता, त्याला हाताशी धरून दोन वर्षांत त्यांनी कॅमेरा उभा केला. कोल्हापूरच्या मातीत घडलेला तो कॅमेरा चालला!

आता कंपनी काढायची, तर पैसा हवा. मैत्रिणींनो, इथं एका बाईचं नाव येतं. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचं भांडवल मिळालं ते या तानीबाईंकडून. गाण्यावर मिळवलेला स्वतःचा पैसा एका बाईनं एका नव्या, कुणी न बघितलेल्या धंद्यात घातला. तेव्हा बँकांनी ज्याला दारात उभं केलं नसतं, अशा माणसावर तिनं विश्वास टाकला. सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव एका ओळीत येतं आणि संपतं. मला ती ओळ फार मोठी वाटते. छत्रपती शाहू महाराजांचाही बाबूरावांना आश्रय मिळाला. कलावंतांना हात देणारा तो राजा होता.

कंपनीचा पहिला सिनेमा ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री बनून विराटाच्या घरी दासी राहते, कीचक तिच्यावर वाईट नजर ठेवतो आणि भीम त्याला मारतो, ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण विषय साधा नव्हता. याच कथेवरच्या खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारनं १९१० साली बंदी घातली होती. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता आणि सैरंध्रीत हा देश. तीच कथा बाबूरावांनी पहिल्याच सिनेमाला निवडली. बाळासाहेब यादव भीम झाले, झुंजारराव पवार कीचक. कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटायचा की थिएटरात बायकांना भोवळ यायची, असं सांगतात. सरकारनं त्या प्रसंगावर कात्री चालवली. पुण्यात हा सिनेमा बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले. म्हणजे जाता जाता दिलेला तो आशीर्वादच.

आणि सैरंध्री कोण झाली? इथं मघाची अण्णा साळुंक्यांची गोष्ट आठवा. बाबूरावांनी ठरवलं होतं की बाईचं काम बाईनंच करायचं. ते काही पहिले नव्हेत. १९१३ सालीच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं होतं. पण तरीही १९२० साली सिनेमात उभी राहणारी बाई शोधणं म्हणजे महाकठीण. नाटकातसुद्धा बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते, तिथं सिनेमाची काय कथा. अखेर दोघी पुढं आल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी.

या दोघींना त्याची किंमत मोजावी लागली. त्यांच्या स्वतःच्या समाजानं त्यांना वाळीत टाकलं. घरची दारं बंद झाली, तेव्हा कंपनीचं आवार हेच त्यांचं घर झालं. तिथंच राहायचं, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, नंतर तिथल्या माणसांच्या स्वयंपाकालाही हात लावायचा आणि इतर कामंही करायची. म्हणजे बघा, सैरंध्रीचं काम करणारी खरीखुरी सैरंध्रीच झाली. घर सुटलेली आणि दुसऱ्याच्या आवारात राबणारी. आज मुली टीव्हीवर दिसल्या की गावात पेढे वाटतात. चांगलंच आहे. पण हे पेढे कुणाच्या उपाशीपणावर आले, हेही पोरींना सांगायला हवं.

बाबूरावांचं काम बघण्यासारखं असायचं. जन्मभर पडदे रंगवलेल्या या माणसानं सिनेमात मात्र रंगवलेले पडदे बाजूला सारले. नाटकात पडदा चालतो, पण कॅमेऱ्याला त्यातला खोटेपणा लगेच कळतो, हे त्यांनी ओळखलं. खरे खांब, खऱ्या पायऱ्या, खऱ्या भिंती असलेले देखावे त्यांनी उभे केले. सिनेमा सुरू करण्याआधी ते प्रत्येक पात्राचं चित्र काढायचे. लुगडं कसं नेसायचं, पागोटं कसं बांधायचं, उभं कसं राहायचं, सगळं कागदावर. मग तालमी आणि पुन्हा तालमी. मनासारखं होईपर्यंत कॅमेरा सुरूच व्हायचा नाही. त्यामुळं त्यांच्या सिनेमांची संख्या त्यांच्या कुवतीच्या मानानं कमी राहिली. सिनेमाची मोठी रंगीत पोस्टरं रंगवून लावायची, गोष्टीची आणि फोटोंची छोटी पुस्तिका छापून लोकांच्या हातात द्यायची, ही पद्धतही त्यांनीच रुळवली. १९२४ सालच्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या सिनेपोस्टरांत धरलं जातं.

१९२३ साली आला ‘सिंहगड’. ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा. तोपर्यंत सिनेमे सूर्याच्या उजेडात काढायचे. ढग आले की काम बंद, दिवस मावळला की बंद. पण तानाजीनं गड घेतला तो रात्री. मग बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्रीची दृश्यं काढली. आपल्याकडं हे नवीनच होतं. सिनेमाला इतकी गर्दी लोटली की त्यावरूनच सरकारला करमणूक कर बसवायची कल्पना आली, असं आजही सांगतात. या सिनेमात शेलारमामाचं काम एका विशी-बाविशीच्या पोरानं केलं होतं. शांताराम वणकुद्रे त्याचं नाव. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर कंपनीत होते, त्यांच्या ओळखीनं तो तिथं लागला आणि पडेल ते काम करत होता. तेच पुढं व्ही. शांताराम झाले.

आता येते मला झोपू न देणारी गोष्ट. १९२५ सालचा ‘सावकारी पाश’.

तेव्हा सिनेमा म्हणजे देव, राजे, राक्षस, चमत्कार. लोक पडद्यासमोर हात जोडायचे. अशा काळात बाबूरावांनी नारायण हरी आपट्यांची एक कथा घेतली. तिच्यात देव नाही, राजा नाही, लढाई नाही. एक शेतकरी आहे, त्याची बायको आहे, जमिनीचा तुकडा आहे आणि एक सावकार आहे. सावकार खोट्या कागदांच्या जोरावर जमीन गिळतो. शेतकऱ्याला गाव सोडावं लागतं आणि तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. एवढीच गोष्ट. शेतकरी झाले शांताराम, त्यांची बायको कमलादेवी आणि सावकार झुंजारराव पवार.

या सिनेमातलं एक दृश्य ज्यांनी पाहिलं ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. अंधारात बुडालेली एक पडकी झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं. मूकपट, त्यामुळं आवाज नाही. तरी बघणाऱ्याच्या कानात ते रडणं घुमायचं. आपल्याकडं दारात कुत्रं रडलं की म्हाताऱ्या बायका अशुभ म्हणून त्याला हाकलतात. बाबूरावांनी त्या एका कुत्र्यात अख्ख्या घराचा नाश दाखवला.

सावकारी पाश त्यांनी काही हवेतून आणला नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, सावकारांच्या घरात शिरले आणि कर्जाचे कागद त्यांनी जाळले. सोनंनाणं लुटण्यापेक्षा कागद हाती लागणं त्यांना महत्त्वाचं होतं. कारण जमीन कागदानंच गेली होती. त्या दंगलीमुळं १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी, १९४६ साली मुंबई सावकारी कायदा आला. पुढं २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीवर नवा कायदा झाला. कागदावर सगळं झालं. पण आमच्या ओट्यावर अजून काळा दोरा घातलेली बाई येऊन बसते!

आणि ‘सावकारी पाश’ चालला का? नाही चालला. लोकांना आपलं रोजचं दुःख पैसे देऊन बघायचं नव्हतं. त्यांना पुन्हा देव आणि राजेच हवे होते. बाबूरावांनाही मग पोटासाठी तिकडंच वळावं लागलं. मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. दिवसभर रानात वाकून आलेली बाई संध्याकाळी पडद्यावर पुन्हा सावकार कशाला बघेल? जत्रेत तंबू टॉकीज यायची तेव्हा आमच्या आज्या-मावश्याही देवाधर्माचाच सिनेमा बघायच्या आणि डोळे पुसत बाहेर यायच्या. पण वाईट एवढ्याचंच वाटतं, की ज्यांच्यासाठी सिनेमा काढला त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

त्यानंतरचे दिवस बाबूरावांसाठी उताराचे होते. कंपनीत कुरबुरी वाढल्या. हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडायला लागली. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच ‘प्रभात’ कंपनी काढली. ज्यांना हाताला धरून शिकवलं त्यांनीच शेजारी वेगळी चूल मांडली. पोरं वेगळी निघाली की आईबापाला काय वाटतं, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला सांगायला नको. राग असतो, आणि पोरांच्या चुलीतून धूर निघताना बघून बरंही वाटतं.

त्यात १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. बाबूरावांना ते मनापासून रुचलं नाही. चित्रानं सांगायचं ते चित्रानंच सांगावं, बडबड आली की बघणं संपतं, असं त्यांचं मत होतं. पण काळ कुणासाठी थांबत नाही. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढं शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ साली ‘उषा’ केला. १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, यावेळी बोलपट म्हणून. मला हे फार मोलाचं वाटतं. एकदा पडलेली गोष्ट त्यांनी अकरा वर्षांनी पुन्हा हातात घेतली, कारण ती सांगायलाच हवी असं त्यांना वाटत होतं. १९३७ साली दुर्गा खोट्यांना घेऊन ‘प्रतिभा’ काढला. नंतर ‘रुक्मिणी स्वयंवर’ आणि १९५२ साली ‘विश्वामित्र’. पण पूर्वीचं यश काही परतून आलं नाही.

दुर्गा खोट्यांचं नाव आलं म्हणून सांगते. १९३२ साली ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ काढला, तीच राजा हरिश्चंद्राची गोष्ट. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे, चांगल्या शिकलेल्या, मोठ्या घरातल्या. १९१३ साली तारामतीला बाई मिळाली नव्हती, एकोणीस वर्षांनी मिळाली. मधली ती वाट गुलाबबाई आणि अनसूयाबाईंसारख्या बायकांनी आपल्या पायांनी तुडवून केली होती.

सिनेमानं पाठ फिरवली तरी बाबूरावांचे हात रिकामे राहिले नाहीत. ते पुन्हा रंग आणि मातीकडं वळले. कोल्हापूरला गेलात तर शिवाजी चौकात छत्रपतींचा अर्धपुतळा बघा. तो बाबूरावांनी घडवलेला. तिथं आधी विल्सन नावाच्या इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या त्या दिवसांत हा पुतळा विद्रूप करायला ज्या पुढं झाल्या, त्यात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोन बायका होत्या. पुढं भालजी पेंढारकरांनी मनावर घेतलं आणि १९४५ साली त्याच जागी बाबूरावांच्या हातचे शिवाजी महाराज उभे राहिले.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूराव गेले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणत. त्यांच्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला होता. दोन बिघे जमीन वाचवायला कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढणारा शेतकरी बघून सगळा देश हळहळला. तीच गोष्ट आमच्या मराठी माणसानं अठ्ठावीस वर्षं आधी सांगितली होती. पण आज तो १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ कुणालाच बघायला मिळत नाही. त्याची फिल्म उरलेली नाही. त्यांच्या बहुतेक मूकपटांचं असंच झालं.

मग बाबूरावांचं उरलं काय? त्यांची माणसं उरली. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ केला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची निवड झाली. त्यातली तोंडानं फटकळ, पण पोरांच्या पोटाची काळजी वाहणारी जिजाई तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. शांतारामबापूंनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला, म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न न मानणाऱ्या मुलीचा. त्याची कथाही नारायण हरी आपट्यांच्याच कादंबरीवरची. ‘सावकारी पाश’ लिहिणारे तेच आपटे. पेरलेलं बी एका हंगामात उगवलं नाही, तरी जमिनीत राहिलं होतं.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत माझ्या मैत्रिणींना सांगितलं. वही मिटून सगळ्या ऐकत होत्या. काळा दोरा घातलेल्या बाई खाली मान घालून बसल्या होत्या. झोपडीचं आणि कुत्र्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग आमच्यातल्या एका आजीनं सरळ विषय काढला, की गटात शिल्लक किती आहे. मोजली. थोडी आमची, थोडी दोघी-तिघींनी वरून दिलेली. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये. वीस हजार पुरते जमले नाहीत, पण निम्म्याच्या वर जमले. उरलेल्याचं पुढच्या महिन्यात बघू असं ठरलं. त्या बाईंनी वहीत सही केली. अंगठा नाही, सही. दोन वर्षांपूर्वीच शिकल्यात.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असा काळा दोरा असेल. बैठकीत त्याच्याकडं बघून नजर दुसरीकडं वळवू नका. त्या बाईला शेजारी बसवा आणि कागदावर काय लिहिलंय ते आधी मोठ्यानं वाचून दाखवा. सही त्यानंतर.